बीएससीच्या पुढचा शब्द

आत्या, आपल्या घरात तेव्हा पंखा एकच होता आणि तो तुझ्या खाटेवर होता. उज्जैनच्या देवास गेटच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. बाबा दिवसभर फ्रीगंजच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायचे, संध्याकाळी त्याच साड्यांच्या घड्या घालायचे आणि घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळत बसायचे. आई एका मेससाठी पोळ्या लाटायची. तिच्या अंगाला पिठाचा आणि घामाचा मिळून एक वास होता, तो आंघोळीनंतरही जायचा नाही. मी आणि आई दाराशी चटई टाकून झोपायचो, कारण वारा आलाच तर तिथून यायचा. पंखा तुझा, कारण घराचं भाडं तुझ्या पगारातून जायचं. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. गरजच नव्हती. पंखा फिरताना पुरेसा आवाज करायचा.

तुझे यजमान गेल्यावर तू माहेरी परत आलीस आणि फ्रीगंजच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटच्या नंबराच्या पर्च्या फाडायला बसलीस. माझा जन्म त्यानंतरचा. तुझ्या तोंडी ते डॉक्टर कायम 'आमचे साहेब' होते. साहेबांनी काय लिहून दिलं, साहेब कुणावर डाफरले, साहेबांनी कुणाला इंदूरला पाठवलं, हे रोज संध्याकाळी आम्हाला ऐकावं लागायचं. ऐकता ऐकता गल्लीतल्या लोकांना तूच गोळ्या सांगायला लागलीस. आपल्या घरात बारावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं, तूही नाही. पण मतं मांडायला पदवी लागत नाही हे मी तुझ्याकडूनच शिकले.

हे सगळं आता लिहायचं कारण तुझा उठावना, तिसऱ्या दिवसाची ती शोकसभा. इंदूरचे मोठे काका उभे राहिले, खिशातून रुमाल काढला आणि म्हणाले, "ताईंनीच शीतलला ह्या लाइनमध्ये घातलं. भाचीला त्यांनी घडवलं." सगळ्यांनी माना हलवल्या. हे तेच काका, ज्यांनी माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाचं ऐकून बाबांना फोनवर विचारलं होतं की पोरीला उजवायची का नाही. आणि माना हलवणाऱ्या त्याच काकू, ज्या माझ्या हातचं पाणी घेताना आधी विचारायच्या, हात धुतलेस ना, तुमच्या तिथं काय काय असतं. मी गप्प बसले, कारण समोर तुझा फोटो होता आणि त्याला हार घातलेला होता. नंतर बाबा म्हणाले, मराठी समाजाच्या स्मरणिकेत चार शब्द लिही, चांगले लिही. शब्द लिहिते. चांगले की कसे ते तूच ठरव, तुला तशीही सवय आहे.

तू मला ह्या लाइनमध्ये घातलं नाहीस. तू दारात आडवी बसली होतीस आणि मी तुला ओलांडून गेले. एवढं आपल्या दोघींना नक्की माहीत आहे.

मी दहावीत होते तेव्हा आईची पिशवी काढली. मिशनचं एक लहान रुग्णालय होतं, तिथे स्वस्तात व्हायचं म्हणून. टेबलावर घेतलं तेव्हा आईचे दात वाजत होते, असं ती नंतर सांगायची. डोक्याशी एक केरळची सिस्टर उभी होती. तिने आईची हनुवटी दोन बोटांवर धरली आणि म्हणाली, "अम्मा, मैं इधरीच है. आप उठेगा तब भी मैं इधरीच रहेगा." आईला त्या ऑपरेशनमधलं पुढचं काहीच आठवत नाही, फक्त ती हनुवटीखालची दोन बोटं आठवतात. भूल त्या सिस्टरने दिली होती. डॉक्टर होते, पण हात तिचे होते. मी तिला व्हरांड्यात गाठून विचारलं की तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोटांवर मोजत म्हणाली, "पहले नर्स. पूरा नर्स, आधा नहीं. फिर आईसीयू. उसके बाद ये." पुढे बरीच वर्षं माझ्याकडे योजना म्हणून जे काही होतं ते एवढंच.

घरी येऊन मी ते सांगितलं. तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "भूल डॉक्टर देतो. नर्स पेशंटखाली भांडं देते."

बाबा हसले. तुझ्यावर हसले की माझ्यावर, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आई नुकतीच उठून बसायला लागली होती, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

माझी जिरावी म्हणून तू मला साहेबांकडे घेऊन गेलीस. बारावीचा निकाल लागला होता. तुला वाटलं होतं साहेब म्हणतील, डॉक्टरकीला बस, नाहीतर डीएड कर. साहेबांनी पेशंटचा एक्स-रे उजेडाला धरला होता. तो तसाच धरून ते म्हणाले, "नर्सिंग? बढिया है. कर लो." आणि बेल वाजवली, पुढचा नंबर. ज्या माणसाच्या शब्दावर तू गल्लीभर गोळ्या वाटल्यास, त्याचा हा एकच शब्द तुला चालला नाही. घरी चपला काढताना म्हणालीस, "साहेब दुसऱ्यांच्या पोरींना असंच सांगतात." आत्या, तुझ्या साहेबांच्या दवाखान्यासारखीच तुझी भक्तीही दुपारी जेवायला बंद व्हायची.

मग तू एक आणखी हुशार माणूस शोधलास. फ्रीगंजला जिना चढून वर एक ऑफिस होतं, टेबलावर अमेरिकेचा छोटा झेंडा. तुझ्या ओळखीतल्या कुणाचा तरी साडू. तो म्हणाला, "मैडम, दो साल का ओटी टेक्नीशियन करा दो. फिर सीधा अमेरिका. वहाँ तो नर्स ही बेहोशी देती है." तुझा चेहरा असा खुलला की त्या झेंड्याला तू नमस्कार करतेस की काय असं वाटलं. भांडं उचलायला नको, रात्रपाळी नको, आणि वर अमेरिका. मी त्याला विचारलं की तिथे नर्स भूल देते, तर टेक्निशियन झालेल्या मुलीला तिथे नर्स कोण म्हणेल. तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "सब हो जाता है, बेटा."

सब हो जाता है. ह्या चार शब्दांवर उज्जैनमध्ये किती पोरींची वर्षं गेली असतील. टेक्निशियनचं काम कमी नाही, त्यांच्याशिवाय ऑपरेशन थिएटर उघडत नाही. पण तो जिना वेगळा आहे, तो चढून नर्सच्या मजल्यावर जाता येत नाही. मी आपल्या रुग्णालयांत, कॉलेजांत, जिथे आत सोडतील तिथे जाऊन विचारून आले होते. आधी नर्सिंगची पदवी. मग नर्सिंग परिषदेची नोंदणी. मग अतिदक्षता विभागात काम, तेही नुसतं हजेरी लावण्यापुरतं नाही. मग दक्षिणेत कुठे मिशनच्या रुग्णालयांत अनुभवी नर्सना भूल द्यायला शिकवतात, तिथली परीक्षा आणि मुलाखत. परदेशात गेलं तरी क्रम हाच, फक्त वर त्यांचा परवाना आणि त्यांची मोठी पदवी. केरळच्या त्या सिस्टरने बोटांवर मोजून सांगितलं होतं त्यात एक अक्षरही इकडचं तिकडे नव्हतं.

जिना उतरताना तू म्हणालीस, "इंजेक्शन टोचायचं, माणूस झोपतो. त्याला इतकी वर्षं शिकायचं काय आहे?"

"झोपवायला वेळ नाही लागत, आत्या. उठवायला लागतो."

"मोठी आली उठवणारी."

हे आपलं भांडण. ते तेव्हा सुरू झालं आणि संपलेलं नाही.

एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, नाहीतर तू वरून म्हणशील की पोरगी कृतघ्न निघाली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेच्या आधी, भर उन्हाळ्यात, मी एकदा लायब्ररीतून घरी आले तर पंख्याखाली माझी चटई होती, पुस्तकं होती आणि तुझी खाट बाहेर गल्लीत उभी होती. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, ढेकूण झालेत, उन्हात टाकलीये. परीक्षा होईपर्यंत ती खाट उन्हातच राहिली. तू दाराशी झोपलीस, आईच्या शेजारी, आणि झोपेत कुरकुरत राहिलीस. आभार मानायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, कशाचे, ढेकणांचे? म्हणून मानले नाहीत.

मी इंदूरला शिकले. घराण्यात पहिली पदवी माझी, हे मी छाती पुढे काढून लिहिते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. गणेशोत्सवात समाजाने गुणवंत मुलांचा सत्कार ठेवला होता. माझं नाव तू दिलं होतंस. निवेदकाने माइकवर वाचलं, "कुमारी शीतल, बीएससी." आणि थांबला. पुढे काही नव्हतंच. मी नारळ घेऊन खाली आले तर जोशीकाकू तुला विचारत होत्या, बीएससी कशात? तू म्हणालीस, "सायन्समध्ये." जोशीकाकूंना ते पटलं. जोशीकाकूंना काहीही पटतं. मी त्यांच्या समोरच म्हणाले, काकू, नर्सिंगमध्ये. तू तुझ्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलीस आणि आरती होईपर्यंत ते तुला सापडलं नाही.

चार वर्षं शिकले त्या विषयाचं नाव तुला आवंढ्यासारखं गिळायला लागायचं. कुणी आलं की मी बीएससी. दूधवाल्याकडे बीएससी, देवळात बीएससी. मला तुझा राग यायचा बंद झाला होता तोपर्यंत. कीव यायची, आणि कीव रागापेक्षा वाईट असते, कारण रागात माणूस निदान समोरच्याला आपल्याएवढं समजतो.

मग तुझ्या पित्ताशयात खडे निघाले.

मी तेव्हा उज्जैनमध्येच एका खासगी रुग्णालयात, आयसीयूत होते. तुझं ऑपरेशन तिथेच ठरलं, साहेबांनीच पाठवलं. सकाळी रिकाम्या पोटी या, पाणीसुद्धा नको, असं तुला दोनदा सांगितलं होतं. एकदा त्यांनी आणि एकदा मी. तू रिसेप्शनवर सांगून ठेवलं होतंस की आयसीयूत एक ओळखीची मुलगी आहे. ओळखीची.

सोमवार होता. ड्यूटी संपवून मी खाली आले तेव्हा तुला हिरवा गाउन घातला होता आणि ऑपरेशनआधीची माहिती लिहून घेणारी मुलगी तुला विचारत होती, माताजी, सुबह से कुछ खाया-पिया? तू शांतपणे म्हणालीस, "नहीं बेटा. मेरा तो उपवास है." तिने तसं लिहिलं. तिची चूक नव्हती. ती तुझ्या घरात वाढलेली नव्हती.

मी तुझ्या कपाळाकडे पाहिलं. भस्माचं बोट ओलं होतं. कोपऱ्यावरच्या महादेवाला जाऊन आली होतीस.

"आत्या, तीर्थ घेतलंस?"

"तीर्थाला नाही म्हणतात का कुणी?"

"साधं पाणी, का पंचामृत?"

तू छताकडे पाहायला लागलीस. "सोमवारी पंचामृतच असतं."

"आणि पेढा?"

"कणभर."

"किती कणभर?"

"पुजाऱ्याने हातावर ठेवला. तो काय फेकून देऊ? प्रसाद आहे तो. प्रसाद म्हणजे काय खाणं असतं?"

तू खोटं बोलत नव्हतीस, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. तुझ्या हिशोबाने पोट रिकामंच होतं. दूध, दही, मध, साखर, अख्खा पेढा, आणि वर रिकामं पोट. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात जातं, आणि झोपलेल्या माणसाला खोकता येत नाही. मी हे तुला समजावून सांगितलं. तू म्हणालीस, देवाच्या प्रसादाने कुणी मरत नाही. मी भूलतज्ज्ञ डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर टाकलं. त्यावर तू गाउन सावरत उठून बसलीस आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालीस, "ये मेरी भतीजी है. नर्स है. सगी बुआ का ऑपरेशन रुकवा दिया इसने."

नर्स. तुझ्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तक्रार करताना का होईना.

दुसऱ्या दिवशी तू खरंच काही घेतलं नव्हतंस. मी तोंड हुंगून पाहिलं, तेव्हा तू मला चापट मारलीस. थिएटरमध्ये डॉक्टरांनी मला तुझ्या डोक्याशी उभं राहू दिलं. सलाइनमधून आधी एक औषध दिलं, माणूस शांत व्हावा म्हणून देतात ते. तुझे डोळे जड व्हायला लागले. तुझे दात वाजत होते, आईसारखेच. मी तुझी हनुवटी दोन बोटांवर धरली. तू माझा हात पकडलास, त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि म्हणालीस, "शीतल, उठवशील ना?"

मी हो म्हणाले. मग तू झोपलीस.

उठल्यावर पहिलं वाक्य होतं, घसा दुखतोय, काय कोंबलंत. संध्याकाळी मी विचारलं, आत जाताना काय म्हणालीस ते आठवतंय? तू म्हणालीस, "मी काही म्हणालेच नाही." मी ते वाक्य सांगितलं. तू म्हणालीस, "मी? तुला? रहने दे." पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला, तेव्हा तू नाकारलंस. बाबांसमोर नाकारलंस, आईसमोर नाकारलंस. एकदा तर दूधवाल्यासमोर.

आणि माझं नशीब असं की मी तुला खोटारडी म्हणू शकत नाही. त्या औषधाचं कामच ते आहे. माणूस बोलतो, विचारलेलं कळतं, हात धरतो, आणि त्यातलं काहीच त्याच्यापाशी उरत नाही. पुढे मी ते पुस्तकात शिकले, परीक्षेत लिहिलं, त्याला गुण मिळाले. तुला खरंच आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि तू गिळलंस, बीएससीच्या पुढचा शब्द गिळायचीस तसं, हे मला कधी कळणार नाही. हे विचारायला आता तूही नाहीस. असतीस तरी सांगितलं नसतंस.

दक्षिणेतली मुलाखत पास झाले तेव्हा तू घर डोक्यावर घेतलंस. एवढ्या लांब, परक्या मुलखात, तेही लोकांना झोपवायला. बाबांना म्हणालीस, हिला सोडलंत तर मी जेवणार नाही. दुपारी जेवलीस. निघताना मी वाकून नमस्कार केला तर पाय मागे घेतलेस. "तिकडे चाललीस ना? मग माझ्या मढ्याला येऊ नकोस."

तिकडे असताना तू एकदाही फोनवर आली नाहीस. मी बाबांशी बोलत असले की मागून तुझा आवाज यायचा, विचार तिला, नुसता भात खाते का. विचार, तिथले डॉक्टर ओरडतात का. विचार, कुणी झोपलेलं उठलं नाही असं झालंय का. बाबा सगळं जसंच्या तसं विचारायचे, जणू तू खोलीत नाहीसच. शेवटच्या प्रश्नाला मी म्हणाले, तिला सांगा, नाही. मागून भांडी वाजली.

तू म्हणालीस तसंच झालं, आत्या. तुझ्या मढ्याला मी नव्हते. शिक्षण संपवून मी झाबुआच्या बाजूच्या एका लहान रुग्णालयात कामाला लागले होते. सकाळी बाळंतपणाचं ऑपरेशन होतं. फोन बाहेर, लॉकरमध्ये. बाबा फोन करत राहिले आणि मी एका अनोळखी बाईच्या डोक्याशी बसून तिचा श्वास पाहत होते. ती उठली, तिने बाळाला पाहिलं, मी बाहेर आले, आणि मग मला कळलं की तू झोपेतच गेलीस. उज्जैनला पोचले तोवर तुला चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर नेऊन सगळे परत आले होते. नोकरी मोठी झाली हो, असं कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणालं. म्हणू दे. त्यांना कुणी विचारलं असतं की टेबलावरच्या बाईला अर्ध्यात सोडून यायला हवं होतं का, तर त्यांनी तेही हो म्हटलं असतं, फक्त ती त्यांची मुलगी नसावी.

तुला कुणी उठवायला गेलं नाही, ह्याचा मला राग आहे. मी नव्हते ह्याचा आहे. पण मी चूक केली असं मला वाटत नाही, आणि तू समोर असतीस तर आपण ह्यावरही भांडलो असतो, आणि तू शेवटी म्हणाली असतीस, मोठी आली.

त्या सकाळच्या बाईला ऑपरेशनआधी मी नेहमीचं विचारलं होतं, काही खाल्लं का. ती नाही म्हणाली. मग मी विचारलं, देवळात गेली होतीस? प्रसाद घेतला? हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नाही, तो तुझ्यामुळे आहे. मोठ्या काकांना उठावन्यात काही सांगायचंच होतं, तर हे सांगायला हवं होतं. पण त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते खोटं होतं.

स्मरणिकेत खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि शिक्षण छापतात. बाबांनी विचारलं, काय लिहू. तू असतीस तर बीएससी म्हणून थांबली असतीस. मी पूर्ण सांगितलं. मी बीएससी नर्सिंग केलं, आयसीयूत काम केलं, भूल देण्याचं शिक्षण पूर्ण केलं, आणि आता मी भूल देणारी नर्स आहे.